काळ्या दगडाची वाट : अलिबाग ते हरिहरेश्वर

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याने अलिबागेपासून हरिहरेश्वरापर्यंत जो रस्ता जातो, त्याचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर, मधल्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांत दडलेली कौलारू घरे. हे सारे पाहण्यासाठी शहरातल्या माणसाने वर्षातून एकदा तरी घराबाहेर पडावे, असे आमचेही मत आहे. परंतु या वाटेवर आणखी एक वस्तू पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत सोबत करते आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे काळा दगड. घराचे जोते त्याचे, विहिरीचा काठ त्याचा, वाडीभोवतीचा गडगा त्याचा, देवळाकडे चढणारी पाखाडी त्याची, किल्ल्याचा तट त्याचा. इतकेच काय, ज्या रस्त्यावरून आपली गाडी धावते त्या रस्त्याच्या पोटातली खडीही त्याचीच.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळेच्या इयत्ता आम्ही फार चढलो नाही. जे शिकलो ते कामगारांबरोबर हिंडून आणि रात्री पुस्तके वाचून. त्यामुळे दगड दिसला की तो किती सुंदर आहे याच्या आधी तो कोणी फोडला, कोणी वाहिला आणि त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आमच्या मनात येतो. त्या प्रश्नाच्या आधाराने हा प्रवास कसा दिसतो, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम या दगडाची जात सांगितली पाहिजे. पुष्कळ लोक काळ्या दगडाला सरसकट पाटीचा दगड म्हणतात. ते बरोबर नाही. पाटीचा दगड चिखलाच्या थरांवर कोट्यवधी वर्षे दाब पडून तयार होतो आणि म्हणून त्याचे पापुद्रे निघतात. हिमाचलात कांगडा, चंबा या भागांत त्या पापुद्र्यांनी घरे शाकारतात. आपल्याकडे मुलांच्या पाट्या त्याच्याच होत्या. आपला दगड अग्नीतून आला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. सह्याद्री, देश आणि कोकणाचा मोठा भाग त्याचाच बनला आहे. याचे पापुद्रे निघत नाहीत. म्हणून आपल्या घरांवर दगडी छप्पर नसते. दगड पायाशी आणि कौल माथ्यावर, अशी वाटणी असते. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला आणि पुढे ती चपटी कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने येथवर आली. त्यापूर्वी नळीची कौले होती, आणि गरिबांच्या घरावर पेंढा किंवा गवत.

हा दगड भारी जड. एका घनफुटाचे वजन सुमारे ८० किलो भरते. आता एका मध्यम घराचे जोते धरू: लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, उंची ३ फूट, भिंतीची जाडी दीड फूट. चारी बाजूंचा दगड ४५० घनफुटांच्या आसपास होतो, म्हणजे ३६ टन. बैलगाडीत आठ-दहा क्विंटल माल घातला तर चाळीस खेपा. खाणीतून फोडणे, चारी बाजूंनी घडणे, उचलून बसवणे ही कामे वेगळीच. अशी शे-दोनशे घरे एका गावात असतील तर त्या गावाच्या पायाखाली किती माणसांचे खांदे झिजले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हे काम करणारे मुख्यतः पाथरवट आणि वडार. वडारांत कामावरून पोटभेद पडले: माती खणणारे माती वडार, दगड वाहणारे गाडी वडार, जाती-पाटे घडवणारे जाते वडार. शहरातल्या जुन्या गृहिणींना पाट्याला टाकी लावून देणाऱ्या वडारणी आठवत असतील. तीच टाकी, तोच हातोडा, आणि तोच कसबी हात घराच्या जोत्यामागे आहे. दगडाला नस असते. जाणता पाथरवट आधी हातोडीने दगड वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर दगड सलग, बद आला तर आत भेग. मग नसेच्या रेषेवर ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकायच्या, एकेका पाचरीवर थोडा थोडा घाव घालीत जायचे, आणि शेवटी दगड पाव कापल्यासारखा सरळ दुभंगतो. हे ज्ञान छापलेल्या पुस्तकातून आम्हांस मिळाले नाही. खाणीवर काम करणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसांकडून मिळाले.

आता वाटेला लागू. मुंबईकडून येणारा वडखळला महामार्ग सोडून अलिबागेकडे वळतो आणि पोयनाडच्या आसपास चरी गावाच्या टापूतून जातो. रस्त्याच्या कडेला पाहण्यासारखे काही नाही म्हणून गाडी येथे थांबत नाही. पण आमच्या मते या प्रवासाचा पहिला मुक्काम येथेच असावा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी येथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २५ गावांतील कुळांनी ठरवले की, न्याय्य वाटा मिळेपर्यंत खोत-सावकारांच्या जमिनी कसायच्या नाहीत. हा संप १९३९ पर्यंत चालला. जगात कारखान्यांचे संप पुष्कळ झाले, पण पोटाची खाचरे ओसाड ठेवून सहा वर्षांच्या आसपास टिकलेला शेतकऱ्यांचा संप विरळाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी 'कृषीवल' हे पत्र निघाले. खोती कायद्याने गेली ती पुढे, १९४९ च्या कायद्यानंतर.

याचा काळ्या दगडाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जोत्याचा आहे. या भागात घराचे जोते पाहून घरधन्याची स्थिती ओळखता येत असे. पुरुषभर उंच, घडीव चिऱ्यांचे, सांध्यात नखही शिरू नये असे जोते म्हणजे खोताचा किंवा सावकाराचा वाडा. हातभर उंच, अनघड दगडांचे म्हणजे बेताची शेती असलेला गृहस्थ. आणि ज्याच्या घराला दगडाचे जोतेच नाही, कारवीच्या कुडाला माती लिंपून शेणाने सारवलेले खोपट आहे, ते कुळाचे किंवा आदिवासी मजुराचे. ज्याने दगड फोडला त्याचे घर बहुधा या तिसऱ्या वर्गातले. गावातून हिंडताना ही पायरी एकदा ध्यानात आली की जुने गाव खातेवहीसारखे वाचता येते.

अलिबागेस पोहोचल्यावर ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. शिवछत्रपतींच्या अखेरच्या वर्षी, १६८० मध्ये, याचे काम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. त्याच्या तटाजवळ उभे राहून दगडांचे सांधे पाहावेत. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचले आहेत. सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरते आणि फटींतूनच परतते, त्यामुळे तटाला बसणारा धक्का विरतो. समुद्राशी झुंज न घेता त्याला वाट करून देण्याची ही युक्ती ज्या कारागिरांनी साधली, त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

त्याच अलिबागेत काळा दगड मुद्दाम टाळून बांधलेली एक वास्तू आहे, ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागेस ही वेधशाळा उभारली. आपल्या काळ्या दगडात लोहाचे चुंबकीय कण असतात. ते सूक्ष्म सुईला चळवतात. म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड समुद्रमार्गे आणला. सारा गाव ज्या दगडावर उभा, तोच दगड येथे चालला नाही, कारण त्याच्या अंगी लोखंड आहे! शाळेतल्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट त्यांना अवश्य सांगावी.

अलिबागेपासून मुरुड सुमारे ५० किलोमीटर. मध्ये चौल आणि रेवदंडा लागतात. चौल हे पुरातन बंदर. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात येथे उतरला होता. रेवदंड्यास पोर्तुगीजांच्या कोटाचा तट फोडून रस्ता नेला आहे, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या तटाची जाडी दिसते. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. कोटाच्या आत आज वाड्या आहेत आणि जुन्या चिऱ्यांवर पोफळीची सावली पडते. कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगरावरचा किल्ला ढासळत चालला आहे, पण खालच्या गावातले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली वेगळी बोली अजून घरी बोलतात. राज्यकर्ते गेले, तट पडला, बोली माणसांच्या तोंडी राहिली.

काशीद, नांदगाव करीत मुरुडला आलो की समुद्रात दोन किल्ले दिसतात. जंजिऱ्याकडे सर्वांची रीघ असते. तो हबशांचा किल्ला अजिंक्य राहिला आणि ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. आम्ही वाचकांचे लक्ष दुसऱ्याकडे वेधू इच्छितो. तो पद्मदुर्ग, ज्याला कासा म्हणतात. शिवछत्रपतींनी जंजिऱ्याला शह देण्यासाठी तो बांधविला. तेथे कुलाब्याच्या उलट प्रकार आहे. खाऱ्या वाऱ्याने तटाचे चिरे झिजून खोल गेले आहेत आणि सांध्यातला चुना मात्र जाळीसारखा पुढे उभा आहे. कारण असे की, लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण कण सुटतो. दगडाहून चुना टिकला! दगड निसर्गाने केला होता, चुना माणसाने केला होता. भट्टीत भाजणारा, घाणीत मळणारा, सांध्यात भरणारा असे तीन-चार हात त्यामागे होते.

याच पद्मदुर्गाविषयीचे शिवछत्रपतींचे १६७५ मधील एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी पद्मदुर्गासाठी नेमून दिलेला पैसा आणि धान्य वेळेवर पोहोचवले नाही, म्हणून महाराजांनी त्यांची कडक कानउघाडणी केली आणि कोणाचाही मुलाहिजा राखला जाणार नाही असे बजावले. इतिहासकार या पत्रात आरमारी धोरण पाहतात, ते योग्यच आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते: समुद्रातल्या खडकावर शत्रूच्या तोफांखाली राबणाऱ्या माणसांचा शिधा थकवणे हा अपराध आहे, हे राज्यकर्त्याने लेखी सांगितले. मजुरी वेळेवर मिळावी ही मागणी आज कोणी केली तर काही मंडळींना ती परदेशातून आलेली वाटते. त्यांनी हे पत्र वाचावे.

मुरुडहून पुढे दोन वाटा. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवून दिघीला उतरावे, किंवा खाडीला वळसा घालून मांदाडवरून जावे. वळशाच्या वाटेवर कुडे येथे लेणी आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासची, सव्वीस. तेथील शिलालेखांत दाते कोण होते ते कोरले आहे: कोणी माळी, कोणी लोखंडाचा व्यापारी, कोणी वैद्य. राजेरजवाड्यांखेरीज साध्या धंदेवाइकांची नावे येथे सापडतात, ही मोठी आनंदाची गोष्ट. पण ज्यांनी अक्षर अन् अक्षर छिन्नीने कोरले, ते आपले नाव कोरू शकले नाहीत. घारापुरीही याच जिल्ह्यात. तेथेही तीच कथा.

दिघीहून दिवेआगर, तेथून शेखाडीवरून श्रीवर्धन. हा तुकडा साऱ्या वाटेत देखणा. रस्ता कित्येक ठिकाणी पाण्याच्या अगदी कडेने जातो. येथून काळ्या दगडाच्या जोडीला तांबडा जांभा दिसू लागतो. जांभा हे काळ्या दगडाचेच अपत्य. हजारो पावसाळ्यांनी काळ्या दगडातले विरघळणारे द्रव्य धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले की त्याचा जांभा होतो. तो खाणीत मऊ असतो, हवेवर कडक होतो. म्हणून जोते काळ्याचे आणि भिंती जांभ्याच्या, अशी घरे या बाजूस बांधली. शेवटी हरिहरेश्वर. तेथे देवळामागून पायऱ्या उतरून ओहोटीच्या वेळी खडकावरून प्रदक्षिणा करतात. खडकाला लाटांनी आणि मिठाने पाडलेली जाळी पाहिली की पद्मदुर्गाच्या तटाचा खुलासा आपोआप होतो. भरतीच्या वेळी मात्र तेथे पाऊल टाकू नये; त्या खडकावरून माणसे वाहून गेली आहेत.

आता या वाटेवर काय बदलते आहे, ते सांगितले पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या वाड्या आडव्या झाल्या आणि कौले पाचोळ्यासारखी उडाली. जोती जागच्या जागी राहिली. त्यानंतर पुष्कळांनी कौलांऐवजी पत्रा घातला, काहींनी जुने घर पाडून स्लॅबचे बांधले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हा शहरवासीयांना नाही. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर उडाले, त्याने पाहुण्यांना चित्र छान दिसावे म्हणून कौलच घालावे, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. परंतु घर पाडताना घडीव चिऱ्यांचे तुकडे करून भरावात टाकतात, ते पाहून वाईट वाटते. तो चिरा आज नव्याने घडवायचा म्हटले तर हात मिळत नाही. ज्यांना ते कसब येते त्यांची मुले खडी फोडण्याच्या यंत्रावर किंवा शहरात बिगारी आहेत.

आणि खडीची गोष्ट तर याहून कठीण. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी खडीच्या रस्त्याची रीत घालून दिली. सहा औंसांहून जड दगड नको हा त्याचा नियम, आणि तो दगड हातोडीने फोडायला म्हातारी माणसे व बायका बसवल्या जात. आपल्याकडेही रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका, शेजारी झोळीत मूल, हे दृश्य आमच्या पिढीने पाहिले आहे. आता यंत्र फोडते, पण धूळ माणसाच्याच छातीत जाते. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कितीतरी कामगार त्या धुळीने तरुणपणी गेले; ज्या पेन्सिलीने आपण बाराखडी गिरवली तिची ती किंमत होती. आपल्या काळ्या दगडात गारेचा अंश कमी, म्हणून धोका तितका नाही. पण नाही असेही नाही. १९५२ च्या कायद्याने दगडाची उघडी खाणही खाणच ठरवली, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरिदाबादच्या दगडखाणींतील वेठबिगारांच्या खटल्यात त्यांना माणूस म्हणून जगण्याचा हक्क आहे असे निक्षून सांगितले. तरीही आम्ही एका खाणीवर गेलो असता हजेरीपटावर कामावरच्या निम्म्या माणसांचीही नावे नव्हती. नाव नाही म्हणजे अपघात झाला तरी भरपाई नाही. कुड्याच्या लेण्यात जे नाव राहून गेले, ते दोन हजार वर्षांनी हजेरीपटावरही राहून जाते.

दगडाच्या गावांचा अभिमान कसा बाळगावा, याचे एक उदाहरण वेल्समध्ये आहे. तेथे बेथेस्डा या गावी पाटीच्या दगडाची पेन्ऱ्हिन खाण आहे. १९०० च्या नोव्हेंबरात तेथील कामगारांनी काम थांबवले आणि तीन वर्षे ते लढले. या घरात कोणी फितूर नाही, अशा अर्थाच्या पाट्या त्यांनी आपल्या खिडक्यांत लावल्या होत्या. ते हरले. परंतु २०२१ मध्ये युनेस्कोने तो सारा पाटी-दगडाचा मुलूख जागतिक वारसा म्हणून मान्य केला, आणि त्या मुलखात आज खाणीबरोबर कामगारांची वस्ती, त्यांचे कसब, त्यांचा झगडा हेही लोकांना सांगितले जाते. आपल्या चरीचा संप त्याहून दुप्पट चालला. किनारा पाहायला जाणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना चरी कोठे आहे हे ठाऊक असते?

रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी मार्गासाठी खाड्यांवर पूल बांधण्याची कामे निघाली आहेत. रस्ता रुंद होईल, गाड्या वाढतील, आणि त्यासाठी आणखी डोंगर फोडले जातील. रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. खाडीपलीकडच्या आजाऱ्याला दवाखाना जवळ यावा हे आम्हांसही हवे. आमचे म्हणणे इतकेच, की या वाटेने जाणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात. जुने दगडी घर दिसले तर ते कोणी बांधले, असे घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारावे. कित्येकदा मालकाच्या आजोबाबरोबर पाथरवटाचेही नाव निघते, ते लिहून ठेवावे. किनाऱ्यावर कोणी घर बांधीत असेल तर पाडलेल्या घराचे चिरे विकत घेऊन ते जोत्याला वापरावेत. त्यात काटकसरही आहे आणि कसबी माणसाला चार दिवसांचे कामही. आणि आपल्या घराच्या किंवा सोसायटीच्या बांधकामावर जी खडी येते, तिच्या खाणीत हजेरीपट आहे की नाही, हे कंत्राटदाराला एकदा तरी विचारावे. विचारणारा एक असला तर तो हसेल. दहा असले तर तो वही आणील.